एका अल्बमपासून दुसऱ्यापर्यंत : शूगेझ शोधायचं कसं आणि सुचवायचं कसं



आपल्या या मालिकेत रॉकबद्दल बोलणं झालं की एक प्रश्न हमखास येतो : "हा अल्बम आवडला, आता पुढे काय ऐकू?" विचारणारा कुणी इंदूरला असतो, कुणी बंगळुरूला, कुणी बडोद्याला. बऱ्याच जणांच्या आजूबाजूला या संगीताबद्दल बोलायला एकही माणूस नसतो. म्हणून आज एकच प्रकार घेऊ, शूगेझ. त्यातले नवे अल्बम शोधायचे कसे आणि दुसऱ्याला सुचवायचे कसे, हे बघू. सुचवणं ही किती मोठी गोष्ट आहे, तेही याच प्रकाराच्या इतिहासात दिसतं.

आधी ओळख

'शू' म्हणजे बूट आणि 'गेझ' म्हणजे टक लावून बघणं. १९९० च्या सुमारास ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी हे नाव चेष्टेनं दिलं. ही मुलं मंचावर नाचत नसत, प्रेक्षकांकडे बघत नसत, मान खाली घालून उभी असत. मान खाली असायची, कारण पायाशी इफेक्ट पेडल्सची रांग मांडलेली असायची. फझ, डिले, रिव्हर्ब अशी ही पेडल्स पायानं चालू-बंद करायची आणि गिटारचा आवाज पसरवायचा, घुमवायचा, धुरकट करायचा. चेष्टेचं नाव पुढे प्रकाराचंच नाव झालं.

याची मुळं थोडी आधीची. स्कॉटलंडच्या द जीझस अँड मेरी चेननं १९८५ च्या 'सायकोकँडी'मध्ये गोड चालींवर कर्कश गिटार चढवली. स्कॉटलंडच्याच कॉक्टो ट्विन्समध्ये एलिझाबेथ फ्रेझर अशी गायची, की शब्दांपेक्षा सूरच लक्षात राहावा. मग १९९० मध्ये ऑक्सफर्डच्या राइडचा 'नोव्हेअर' आला आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस'. हा बँड मूळ डब्लिनचा. त्यातला केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलोचा दांडा हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सूर एका जागी ठरत नाही, सतत डुलत राहतो. दरबारीतला आंदोलित गंधार ज्यांनी ऐकलाय, त्यांना डुलत्या सुराची ओळख आहेच. इथे अख्खा कॉर्ड डुलतो.

मराठी कानाला पहिली अडचण येते ती शब्दांची. आपण भावगीतांवर वाढलेली माणसं. यशवंत देवांनी जिला शब्दप्रधान गायकी म्हटलं, तीच आपली सवय : आधी शब्द, मग बाकी सगळं. शूगेझमध्ये हे उलटं आहे. गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम मागे ठेवलेला असतो, गिटारच्या थरांमध्ये मिसळलेला. शब्द ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवाल, तर गिटारही तेवढीच वाढेल. तेव्हा पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा पाठलाग सोडा. तानपुऱ्याच्या जोडीत बसल्यासारखं त्या आवाजात बसा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आतली चाल आपोआप वर येते. आणि हे हेडफोनवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर सगळे थर एकमेकांत चिकटतात आणि उरतो तो नुसता गोंगाट.

एका बँडची गोष्ट

इंग्लंडमधल्या रेडिंग गावातल्या काही पोरांनी १९८९ मध्ये स्लोडाइव्ह हा बँड काढला. क्रिएशन रेकॉर्ड्स या लेबलनं त्यांना घेतलं. 'जस्ट फॉर अ डे' १९९१ मध्ये आला, 'सूव्हलाकी' १९९३ मध्ये. पण तोवर वारं फिरलं होतं. अमेरिकेतून निर्व्हानाची लाट आली होती आणि इंग्लंडमध्ये ब्रिटपॉप सुरू होत होतं. ज्या साप्ताहिकांनी आधी कौतुक केलं, तीच आता खिल्ली उडवू लागली. 'पिग्मेलियन' १९९५ मध्ये आला, त्यानंतर लवकरच क्रिएशननं बँडला सोडून दिलं. तेच क्रिएशन तेव्हा ओएसिसच्या यशावर स्वार होतं. स्लोडाइव्ह संपला. त्यातले तिघं मोजाव्ह ३ नावानं साधी, संथ गाणी करू लागले.

पण 'सूव्हलाकी' संपला नाही. ऐकणाऱ्यांनी तो एकमेकांना दिला. आधी कॅसेट आणि सीडीवर, मग इंटरनेटवर. बँड बंद असताना त्याचे श्रोते वाढत गेले, आणि त्यातल्या कित्येकांचा जन्मही १९९३ नंतरचा होता. २०१४ मध्ये बँड पुन्हा मंचावर आला. २०१७ मध्ये 'स्लोडाइव्ह' आला, २०२३ मध्ये 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'. हा शेवटचा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात गेला. तरुणपणी त्यांचा एकही अल्बम तिथवर पोचला नव्हता.

पैसा, प्रसिद्धी, समीक्षा हे सगळं उलटलं होतं, तरी अल्बम जगला, कारण कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "हे ऐक." म्हणून सुचवणं ही किरकोळ गोष्ट नाही असं मी म्हणतो. ज्या संगीतामागे जाहिरातीचा पैसा नाही, त्याचा तोच एक आधार असतो.

शोधायच्या चार वाटा

आता आपण स्वतः कसं शोधायचं?

पहिली वाट लेबलची. छोटं लेबल म्हणजे काही माणसांची आवड असते. स्लोडाइव्हचे नवे दोन अल्बम डेड ओशन्स या लेबलवर आले. त्याच लेबलवर नॉर्थ कॅरोलायनामधल्या ॲशव्हिलचा वेन्सडे हा बँड सापडतो. त्यांचा २०२३ चा 'रॅट सॉ गॉड' ऐका : शूगेझची भिंत आणि अमेरिकन कंट्रीची गोष्ट सांगायची पद्धत, दोन्ही एकाच ठिकाणी. कॉक्टो ट्विन्सच्या दोघांनी १९९७ मध्ये बेला युनियन हे लेबल काढलं, आणि पुढे युरोपात बीच हाउसचे अल्बम तिथूनच आले. एका नावावरून दुसऱ्या नावाकडे असं जाता येतं.

दुसरी वाट माणसांची. अल्बमची श्रेयनामावली वाचा. निर्माता कोण, पाहुणा कोण, ध्वनिमुद्रण कुठे झालं? फ्रान्सच्या अल्सेस्टचा २०१४ चा 'शेल्टर' घ्या. त्यातल्या एका गाण्यात स्लोडाइव्हचा नील हालस्टेड गायलाय, आणि मुद्रण आइसलंडला सिगुर रोसच्या स्टुडिओत झालंय. एकाच श्रेयनामावलीतून दोन दारं उघडली.

तिसरी वाट सोबतीची. दक्षिण कोरियात पारान्नूल नावानं एकटाच संगीत करणारा एक कलाकार आहे, तो आपली खरी ओळख सांगत नाही. २०२१ मध्ये त्यानं 'टू सी द नेक्स्ट पार्ट ऑफ द ड्रीम' घरच्या घरी करून इंटरनेटवर ठेवला आणि श्रोत्यांनीच तो जगभर नेला. त्याच वर्षी त्यानं कोरियाच्या एशियन ग्लो आणि ब्राझीलच्या सोन्योस तोमाम कोन्ता यांच्याबरोबर 'डाउनफॉल ऑफ द निऑन यूथ' हा सामायिक अल्बम केला. एक आवडला की बाकीचे दोघं आपसूक हाती लागतात.

चौथी वाट बँडकॅम्पची. या संकेतस्थळावर शैलीच्या किंवा शहराच्या नावानं शोधता येतं. पण माझ्या मते खरी खाण दुसरीकडेच आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्या श्रोत्यांच्या खुणा असतात. त्यातल्या एकावर टिचकी मारा, की त्यानं आणखी काय काय घेतलंय ते दिसतं. ज्याची आवड आपल्याशी जुळते असा एक अनोळखी श्रोता सापडला, तर वर्षभराचं ऐकणं सापडलं समजा.

आणि अल्गोरिदम? त्याला शत्रू मानायचं कारण नाही. स्लोडाइव्हची गाणी आजच्या कॉलेजच्या मुलांपर्यंत पोचली, त्यात छोट्या व्हिडिओंचाही वाटा आहे. पण तो बहुतेक वेळा सुटं गाणं देतो, आणि आपण आधी ऐकलेल्याच्या जवळपासचं देतो. त्यानं दिलेल्या गाण्यावरून अल्बमकडे जायचं काम आपलंच.

आपल्या देशातलं

हे सगळं परदेशातच आहे असं समजू नका. इम्फाळच्या लो! पेनिन्सुलाच्या गिटारींमध्ये हा धूर स्पष्ट ऐकू येतो. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचा 'ओशन' (२०१६) ड्रीम पॉपकडे झुकणारा, शूगेझचा हलका, उजळ चुलतभाऊ. अहमदाबादेत सुरू झालेल्या ॲझवीकीपसर्चिंगचं मूळ पोस्ट-रॉकमध्ये आहे, पण 'झिया' (२०१७) ऐकताना गिटारच्या थरांत हिंदी शब्द कसे विरघळतात ते बघा. यांच्यामागे मोठ्या जाहिराती नाहीत. तुमची एक शिफारस इथे जास्त मोलाची ठरते.

दुसऱ्याला सुचवताना

वीस अल्बमची यादी पाठवली की समोरचा एकही ऐकत नाही. एकच द्या, आणि तो त्याच्या कानाकडे बघून द्या.

मित्र मेटल ऐकणारा असेल, तर डेफहेवनचा 'सनबेदर' (२०१३) द्या. ब्लॅक मेटलची किंकाळी आणि शूगेझचा उजेड त्यात एकत्र आहे. चालीवर जीव असणारी मैत्रीण असेल, तर टोरांटोच्या ऑलव्हेजचा 'ब्लू रेव्ह' (२०२२) द्या. गिटार कितीही उसळली तरी चाल हातची सुटत नाही. रात्री शांत काहीतरी ऐकणाऱ्याला २०१७ चा 'स्लोडाइव्ह' द्या. आणि 'लव्हलेस'? तो थोडा नंतर द्या. थोर अल्बम आहे, पण तयारी नसलेल्या माणसाला पहिल्या मिनिटातच वाटतं की हेडफोन बिघडलाय.

सोबत दोन वाक्यं लिहा. "अफलातून आहे, ऐकच" यानं काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा : "पहिलं गाणं सोडून तिसऱ्यापासून सुरू कर, हेडफोनवर ऐक, शब्द शोधू नकोस." एवढ्यानं ऐकणाऱ्याला धरायला काठी मिळते. आठवड्यानं विचारा, काय वाटलं? नाही आवडला म्हणाला, तर वाद घालू नका. का नाही आवडला ते नीट ऐका, पुढची शिफारस त्यातूनच सुचेल.

आणि एक शेवटचं. जमेल तेव्हा अल्बम विकत घ्या. स्ट्रीमिंगवर एकदा ऐकण्यातून छोट्या बँडला मिळणारी रक्कम अगदी नगण्य असते. एका खरेदीतून त्यापेक्षा किती तरी जास्त मिळतं, आणि पुढचा अल्बम निघायची शक्यता थोडी वाढते.

या आठवड्याचा गृहपाठ : आज सांगितलेल्यांपैकी एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐका. मग तो एकाच माणसाला सुचवा, दोन वाक्यांसह. त्या माणसाचं उत्तर काय आलं, ते आम्हाला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा.