पाच वाजून दहा मिनिटांचं दूध

सकाळी ६:४०
फोन वाजतो तेव्हा भाची ओट्यापाशी उभी आहे. चहाचं आधण ठेवलंय. फोन सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा. ती स्पीकर लावते.
"ताई, आजचं दूध कालच्या तारखेला पडलंय. सगळ्यांचं नाही. पहिल्या वीस-पंचवीस जणांचं."
ती गॅस बारीक करते. "काटा किती वाजता सुरू केला, काका?"
"पाचला. टँकर लवकर यायला लागलाय ना. कालपासनं."
"आणि आधी?"
"आधी सहाला."
फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर ती ५ लिहिते, भोवती गोल काढते. मग चहात दूध घालते.
मी तिचा मामा. फुल स्टॅक डेव्हलपर दिवसभर करते तरी काय, हे बघायला काल रात्रीच्या एसटीने कराडहून आलोय.

७:१५
वारज्यात दोन खोल्या, तिघी मुली. हिच्या वाट्याचं भाडं ६,५०० रुपये. रात्रीचा डबा बाहेरून, सकाळची पोळी-भाजी घरी. लॅपटॉप ६४,००० चा, हप्त्यांवर घेतलेला, चार हप्ते राहिलेत. 'एस' अक्षराचं बटण झिजून पांढरं पडलंय. "सारखं सेव्ह करते ना, मामा."

८:५०
स्कूटरवरून कर्वेनगरमार्गे कर्वे रस्ता. वाटेत २०० रुपयांचं पेट्रोल. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. माणसं नऊ. कंपनी छोट्या संस्थांची सॉफ्टवेअर करते. दूध संकलन, पतसंस्था, एक शाळेच्या बसचं.

१०:००
स्टँडअप. सगळे खरोखर उभे राहतात. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. प्रत्येकाला मिनिट-दीड मिनिट. हिची पाळी येते.
"दूध संस्थेत तारखा सरकतायत. १ ते १० चं बिल आज पाचला बँकेत जातंय. त्याआधी संपवते."
सर विचारतात, "कुणी बरोबर हवंय?"
"नव्या मुलाला द्या. त्याला हे बघू दे."

१०:२०
ती कोडला हात लावत नाही. आधी मला कागदावर वाट काढून दाखवते. शेतकरी किटली घेऊन येतो. दुधाचं माप, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) टॅबवर भरलं जातं. हा समोरचा पडदा, फ्रंटएंड. तिथून नोंद इंटरनेटवरून सर्व्हरकडे जाते. तो बॅकएंड. दरपत्रक बघून सर्व्हर रक्कम काढतो. मग नोंद डेटाबेसच्या तक्त्यात बसते, एका ओळीत. पूर्वी या प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस बसायचा. मोठ्या कंपन्यांत अजूनही बसतो. इथे किटलीपासून तक्त्यापर्यंतची सगळी वाट हिची. चूक वाटेत कुठेही असो, फोन हिलाच येतो.
ती उलटी निघते, तळापासून. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रश्न टाकते. उत्तर येतं. कालच्या २२ ओळी, आजच्या २४. शेचाळीसही नोंदी पाच ते साडेपाचमधल्या. ५:२९ ची चुकलेली. ५:३० ची बरोबर.
"साडेपाच," ती म्हणते, आणि खुर्ची मागे सरकवते. तिला सापडलंय.
भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे इथे १२ तारखेच्या पहाटेचे ५:१० होतात, तेव्हा त्या वेळेत ११ तारखेच्या रात्रीचे ११:४० वाजलेले असतात. टॅबवरचं जावास्क्रिप्ट वेळ लिहून काढताना ती जागतिक वेळेतच काढतं, शेवटी झेड लावून. त्यातली पहिली दहा अक्षरं कापून घेतली की तारीख मिळते. इथे तेच केलं होतं. दोन वर्षं कुणाला कळलं नाही, कारण सहाच्या आधी काटाच सुरू होत नव्हता. टँकर लवकर आला आणि चूक उघडी पडली.
नवा मुलगा विचारतो, "ताई, ही ओळ कुणी लिहिलीय?"
कोडचा इतिहास गिटमध्ये साठतो, तिथे प्रत्येक ओळीमागे लिहिणाऱ्याचं नाव राहतं. ते काढून दाखवणाऱ्या आज्ञेचं नाव 'ब्लेम'. ती आज्ञा देते. पडद्यावर हिचंच नाव.
"मी," ती म्हणते. "कामाला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हा. चल, दुरुस्त करू."
हे ती ज्या सहजतेने म्हणाली, ते मला फार आवडलं. पस्तीस वर्षं मी कचेरीत काढली. "मी" एवढं एका अक्षराचं उत्तर तिथे क्वचित ऐकलं.

११:१५
मुलगा सुचवतो, तारीख टॅबवर काढायचीच नाही. नोंद सर्व्हरवर पोचेल तेव्हा सर्व्हरनेच टाकावी. ऐकायला बरोबर वाटतं. ती मान हलवते.
"पावसाळ्यात त्या गावात रेंज जाते. नोंदी टॅबवर साठून राहतात, संध्याकाळी एकदम येतात. कधी दुसऱ्या दिवशी. मग तारीख कुठली पडेल?"
गेल्या जुलैमध्ये ती स्वतः त्या केंद्रावर जाऊन आलीय. पहाटे ओट्यावर बसून सचिव टॅबवर बोट कसं दाबतात ते बघितलंय. ओल्या बोटाने बटण लागत नाही, म्हणून परत येऊन तिने बटणं दुप्पट मोठी केली. रेंजचंही तिथेच कळलं.
दुरुस्ती तीन ओळींची. टॅबची पूर्ण वेळ आहे तशी ठेवायची, तारीख काढताना मात्र भारताची वेळ धरायची. संगणकाच्या यादीत तिचं नाव 'एशिया/कोलकाता'. तीन ओळींना चाळीस मिनिटं. मग चाचण्या. खोटं घड्याळ लावून पहाटे ५:१०, ५:२९, ५:३०, रात्री ११:५९. आधी जुन्या कोडवर चालवते. दोन लाल, दोन हिरव्या. नव्या कोडवर चारही हिरव्या.

१:३०
डबे उघडतात. हिच्याकडे मेथीची भाजी. खाली टपरीवरचा चहा १५ रुपये, पैसे मुलगा देतो.
ती या कामात कशी आली, ते मी विचारतो. ती बीएस्सी फिजिक्स, इंजिनिअर नाही. दाजी एसटीत वाहक. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला, फी ४०,०००. दाजींनी पतसंस्थेतून काढले. कोर्सनंतर चार महिने नुसते अर्ज. मग इथे तीन महिने ८,००० वर शिकाऊ. नंतर १८,०००. आता चार वर्षं झाली, हातात ५६,००० येतात. पुढे सीनियर, मग लीड. नाहीतर एकाच टोकाला खोल जायचं, फक्त डेटाबेस किंवा फक्त पडदा.
"फुल स्टॅकला सगळं यावं लागतं का गं?"
"सगळं कुणालाच येत नाही. एक टोक पक्कं लागतं. बाकीच्यात अडलं तर कुठे शोधायचं ते कळावं लागतं." तिचं पक्कं टोक डेटाबेस.
घास घेता घेता मुलाला सांगते. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आईक यांनी दहा दिवसांत उभी केली, ब्राउझरसाठी. २००९ मध्ये रायन डाल यांचं नोड आलं आणि तीच भाषा सर्व्हरवर सर्रास चालायला लागली. मागचं-पुढचं एकाच भाषेत लिहिता येऊ लागलं. माझ्या भाचीची नोकरी, म्हटलं तर, तिथून सुरू होते.

३:१०
नवीन कोडने पुढच्या नोंदी सुधारतील. मागच्या ४६ तशाच राहतात. त्यातल्या कालच्या २२ मोलाच्या. १७१ लिटर, लिटरला ३४ रुपये धरले तर ५,८१४ रुपये. दूध ११ तारखेचं, आणि बसलंय १० तारखेला. म्हणजे चालू बिलात.
"पुढच्या बिलात वळतं होईलच की," मी म्हणतो.
"होईल. पण लोक खिशात चिठ्ठ्या ठेवतात, मामा. ताडून बघतात. एकदा हिशेब चुकला की काट्यावरही विश्वास राहत नाही."
आधी पूर्ण डेटाची प्रत. ती दुसरीकडे उघडून बघते, खरंच उघडते का. मुलाला शेजारी बसवते, आज्ञा मोठ्याने वाचायला लावते. 'बिगिन'. मग 'अपडेट'. इथपर्यंत काहीही परत फिरवता येतं. पडद्यावर येतं, ४६ ओळी बदलल्या. ४७ आलं असतं तर 'रोलबॅक'. सचिवांनी फोटो काढून पाठवलेल्या वहीशी पाच नावं जुळवते. पाचही जुळतात. हात पुसते. 'कमिट' टाइप करते. अर्धविराम देते, थांबते, एंटर दाबते.
ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा.

४:२०
नवा कोड प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात. सचिवांना फोन. "काका, टॅबवरचं पान पूर्ण बंद करून परत उघडा. खाली कोपऱ्यात आकडा बदलला का?" जुनं पान टॅबमध्ये साठलेलं राहतं, म्हणून. दोनदा करावं लागतं. तिसऱ्यांदा काका म्हणतात, "बदलला."
४:५२ ला बिलाची फाइल बँकेत जाते.

६:००
मुलाच्या कोडची तपासणी. चौदा शेरे. एकाही शेऱ्यात 'चूक' हा शब्द नाही, प्रश्न आहेत. शाळेच्या बसचं एक बटण राहतं, उद्यावर. आजची चूक, तिचं कारण आणि दुरुस्ती ती एका पानावर लिहून ठेवते. खाली नाव घालते.

रात्री ९:१५
डबा आलाय. फ्लॉवर-बटाटा, तीन पोळ्या. जेवण झाल्यावर तासभर अभ्यास. ही भाषा, ही साधनं दर वर्षी हलतात, त्यांच्याबरोबर हलावं लागतं. त्या तासाचे पैसे कुणी देत नाही. ती वहीत हाताने लिहून घेते, दाजी तिकिटांचा हिशेब लिहायचे तशी, बारीक अक्षरात.
झोपताना गजर लावते. ४:५५.

पहाटे ५:०४
खोलीत अंधार. लॅपटॉपचा उजेड तिच्या चेहऱ्यावर. मी गादीवर उठून बसलोय. तक्ता रिकामा आहे. ती एकदा पान ताजं करते. पुन्हा करते.
एक ओळ येते. १३ तारीख. गाय. ६.२ लिटर. फॅट ३.९.
मागोमाग दुसरी.
ती लॅपटॉप मिटते आणि पांघरूण ओढून घेते.