ओल्या मातीतली तहान

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की सकाळपर्यंत भांड्याच्या तळाशी पाणी जमते. ते पाणी फोडींचेच. मिठाने ते बाहेर ओढलेले असते. उलट, मनुका साध्या पाण्यात घातल्या की टम्म फुगतात. नियम दोन्हीकडे एकच. पेशीभोवतीचे पटल पाण्याला वाट देते, पण विरघळलेल्या साखरेला किंवा क्षारांना सहजी देत नाही. मग पटलाच्या ज्या बाजूचे द्रावण अधिक दाट, तिकडे पाण्याचा ओघ लागतो. हेच परासरण.

फ्रान्समध्ये १७४८ साली झां-आंत्वान नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातडीने बांधले आणि भांडे पाण्यात बुडवले. बाहेरचे पाणी आत शिरून कातडी फुगली. पुढच्या शतकात आंरी द्यूत्रोशे यांनी वनस्पतींच्या पेशींशी या क्रियेचा संबंध जोडला.

झाडाच्या मुळावर केसांसारखे बारीक मूलरोम असतात. मूळ ऊर्जा खर्चून मातीतले क्षार आत घेते. त्यामुळे त्याचा पेशीरस मातीतल्या पाण्याहून दाट राहतो आणि पाणी आत येते. पाण्याने भरलेली पेशी आपल्या भित्तिकेवर दाब देते. कोवळी पालेभाजी ताठ उभी राहते ती या दाबावर. तो उतरला, की पान माना टाकते.

मात्र उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढवणे एकट्या परासरणाच्या आवाक्यातले नाही. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, त्या ओढीने जलवाहिन्यांमधला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. ही ओढ खाली मुळापर्यंत पोचते आणि मातीतले पाणी आत घ्यायला मदत करते.

आता मातीतलेच पाणी खारट झाले तर? वातावरणाच्या दाबाच्या साधारण १५ पट ओढ लावूनही माती पाणी सोडेना, तर बहुतेक पिके कायमची कोमेजतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरणदाब वातावरणाच्या सुमारे २५ पट भरतो. म्हणजे समुद्राच्या पाण्यात उभे राहूनही ही पिके तहानलेलीच राहतील. कोकणातल्या खाडीत तिवर जगतो, कारण त्याचा पेशीरस समुद्राच्या पाण्याहूनही दाट असतो. त्याची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात आणि आत आलेले पाने बाहेर टाकतात. उसाकडे ही सोय नाही.

आपल्याकडच्या क्षारपड जमिनींची गोष्ट इथे सुरू होते. भारी काळ्या जमिनीत निचरा कमी. कालव्याचे पाणी वारेमाप दिले, की भूजलाची पातळी वर येते. ते पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१० मध्ये एका सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांतल्या शिवारांत तोच पांढरा थर दिसतो.

पीक सुकताना दिसले की शेतकऱ्याचा हात पाण्याकडे जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण निचरा नसलेल्या क्षारपड रानात प्रत्येक जादा पाळी भूजल आणखी वर आणते. क्षार धुऊन काढायला चांगले पाणी लागतेच. पण त्या पाण्याला बाहेर जायला चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र नळ्या आधी हव्यात. चराचा उतार शेजाऱ्याच्या बांधाशी संपून चालत नाही, तो ओढ्या-नाल्यापर्यंत न्यावा लागतो. म्हणून हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही, अख्ख्या शिवाराचे आहे. रानाला पाणी किती मिळाले एवढे मोजून भागत नाही. त्यातले किती मुळाला घेता आले, यावर पीक उभे राहते.