दीड तिकिटात महाबळेश्वर

पुण्याच्या स्वारगेट स्थानकातून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. एसटीला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. शिरवळ, खंबाटकी घाट, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी असा गाडीचा मार्ग. मुंबईकरांना हीच वाट पुण्यावरून धरता येते किंवा महाड-पोलादपूर करत आंबेनळी घाटाने थेट वर जाता येते. आंबेनळीची वाट जास्त देखणी आहे, पण पावसाळ्यात दरडी कोसळल्या की ती बंद पडते. साताऱ्याहून मेढामार्गे केळघर घाट चढून येणाऱ्या गाड्याही आहेत. महाबळेश्वरला रेल्वे पोचलेली नाही. त्यामुळे स्वतःची मोटार नसलेल्या जोडप्याचा सारा भार एसटीवर असतो, आणि तो ती उत्तम पेलते.

एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा १० रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे पुण्याहून माणशी २०० रुपयांच्या घरात तिकीट. मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत राज्यांतर्गत प्रवासाला महिलांना अर्धे तिकीट लागते. नवरा-बायकोचा प्रवास त्यामुळे दीड तिकिटात होतो: जायला सुमारे ३००, यायला तेवढेच. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटाची आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवासाची सवलत आहे. निवृत्त जोडप्याने आधार कार्ड सोबत ठेवले तर प्रवासखर्च आणखी खाली येतो. वातानुकूलित गाडीचे भाडे अर्थातच जास्त. पण ज्या थंड हवेसाठी जायचे, ती वाईच्या पुढे खिडकीतूनच आत येत असेल तर बंद काचांसाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

हा बदल जाणवतो तो पसरणी घाटात. वाई सोडली की गाडी डोंगराला लागते आणि बारा-एक किलोमीटरमध्ये जवळपास ६०० मीटर उंची गाठते. एकेका वळणावर चालक गिअर उतरवतो, हॉर्न देतो, समोरून येणाऱ्या गाडीला जागा करून देतो. खाली कृष्णेचे खोरे उलगडत जाते, धोम धरणाचे पाणी दिसू लागते, वाईची घरे बारीक होत जातात. हवेचे तापमान उंचीबरोबर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर १३५० मीटरच्या वर, त्यामुळे पाचेक अंशांचा फरक निव्वळ उंचीचा. दाट झाडी आणि पश्चिमेकडून येणारा वारा त्यात भर घालतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी मागच्या बाकांऐवजी पुढची जागा आरक्षित करावी, वाईत भरपेट खाऊ नये आणि आलेपाकाची वडी हाताशी ठेवावी.

या डोंगरावर गाव वसले ते विश्रांतीसाठीच. कर्नल लॉडविक १८२४ मध्ये इथे चढून आले. पुढे मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून १८२८-२९ च्या सुमारास आरोग्यधाम उभारले. बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. त्या काळात माणसे पायी किंवा घोड्यावर फिरत, म्हणून कड्यांकडे जाणाऱ्या वाटा झाडांच्या सावलीतून आखल्या गेल्या. काटकसरीने फिरणाऱ्या जोडप्याला आजही या आखणीचा लाभ होतो. स्थानक आणि बाजारपेठ लागूनच आहेत. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा म्हणजे विल्सन पॉइंट. सूर्योदयाची ही जागा बाजारातून दीड-दोन किलोमीटरवर आहे. मावळतीसाठी बॉम्बे पॉइंट तीन-एक किलोमीटर. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवलेला वेण्णा तलावही चालत गाठता येतो. या तिन्हींना टॅक्सी करणे म्हणजे इथली सर्वांत सुंदर गोष्ट, झाडीतली वाट, पैसे देऊन गमावणे.

लांबच्या ठिकाणांसाठी मात्र वाहन हवे. आर्थर सीट बारा-तेरा किलोमीटरवर आहे आणि प्रतापगड सुमारे चोवीस. पर्यटकांसाठी महाबळेश्वर आगारातून दर्शन गाड्या सुटतात. त्यांच्या वेळा हंगामानुसार बदलतात, म्हणून पोचल्या पोचल्या चौकशीच्या खिडकीवर विचारून दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढून ठेवावे. टॅक्सीचा दर गाडीमागे असतो. सहा जणांत तो परवडतो, दोघांना जड जातो. दर्शन गाडीत दोघांना दोनच जागांचे पैसे पडतात. क्षेत्र महाबळेश्वर बाजारापासून सहा-एक किलोमीटर. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात आणि दगडी गोमुखातून त्यांचे पाणी अखंड पडत असते. यातली सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा वाईवरून पूर्वेकडे निघून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते.

सहलीचा मोठा खर्च खोलीचा असतो आणि तो वारावर ठरतो. शनिवार-रविवार, नाताळचा आठवडा, दिवाळी आणि मे महिना या दिवसांत भाडी कितीतरी पटींनी चढतात. शिवाय पाचगणीपासून वेण्णा तलावापर्यंत मोटारींची रांग लागते आणि एसटीही त्यातच अडकते. सोमवार ते गुरुवार तीच खोली बरीच स्वस्त मिळते, कड्यांवरही निवांत उभे राहता येते. स्थानकावर उतरताच खोली दाखवायला पुढे येणाऱ्यांच्या मागे लगेच जाऊ नये. सामान हलके असेल तर बाजाराच्या मागच्या गल्ल्यांतली दोन-चार लॉज पाहून, गरम पाणी किती वाजता मिळते हे विचारून मगच पैसे द्यावेत. दोघांचीही ओळखपत्रे लागतात. महाबळेश्वर महाग वाटले तर पाचगणी किंवा भिलारमध्ये राहून रोज एसटीने ये-जा करता येते. पाचगणीचे टेबललँड हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार तिथल्या बाजारातून चालत जाण्याजोगे आहे. भिलार मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे: घराघरांत मराठी पुस्तकांची कपाटे, आणि कोणीही बसून वाचावे. वाचणाऱ्या जोडप्याची अख्खी दुपार तिथे खर्चाविना जाते.

जेवणात स्थानकाजवळच्या खानावळीची थाळी किंवा पिठलं-भाकरी स्वस्त पडते. नाव मोठे असलेल्या ठिकाणी स्ट्रॉबेरी-क्रीमच्या एका पेल्यातच बरेच पैसे जातात. स्ट्रॉबेरी खायची तर रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्यावी. रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर लावतात. फळ नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत मिळते. वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवर लाल फळे टेकलेली असतात, त्यामुळे त्यांना माती लागत नाही. तोडणी सकाळी लवकर होते, कारण ऊन चढले की फळ मऊ पडते. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. घरी नेण्यासाठी परतीच्या दिवशी सकाळी, थोडी कडक आणि देठासकट फळे घ्यावीत आणि डबा मांडीवर ठेवावा. वरच्या रॅकवर ठेवलेला डबा घाटात हमखास घसरतो.

डिसेंबर-जानेवारीत थंडी खरी कळते. निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारावरून घरंगळत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात साचते, आणि काही पहाटे तिथे गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवबिंदू गोठून पांढरा थर दिसतो. बाजारात त्याच वेळी पारा काही अंश वर असतो. हा थर सूर्य वर येताच विरघळतो, म्हणून स्वेटर-कानटोपी घालून उजाडण्याआधीच निघावे लागते. जून ते सप्टेंबर हा काळ वेगळाच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर अवघ्या १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, कारण ढग पश्चिमेच्या कड्यालाच आदळून रिते होतात. पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात, पण धुक्यात कडे दिसत नाहीत आणि निसरड्या काठावर जाणे धोक्याचे असते. पाऊस अनुभवायचा आणि हिंडायचेही, तर मुक्काम पाचगणीला करावा.

परतीचे आरक्षण निघतानाच करावे, विशेषतः रविवारी दुपारचे. थेट गाडी मिळाली नाही तर वाईपर्यंतची कोणतीही गाडी धरावी. तिथून पुण्या-साताऱ्याकडे गाड्या मिळतात. मधल्या वेळात कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती पाहून होतो, आणि हाताशी आणखी दोन तास असतील तर तीन-एक किलोमीटरवरच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाटही.