‘हात लावू नकोस’ला सुट्टी!

सुट्टी लागली की घरात भाचरं जमतात आणि फर्मान सुटतं, ‘जा, पोरांना कुठेतरी फिरवून आण!’ घरातल्या विशीतल्या माणसाच्या वाट्याला ही ड्युटी येतेच. मॉलमध्ये खिसा रिकामा होतो, बागेत ऊन लागतं. मग विज्ञान केंद्र किंवा मुलांचं संग्रहालय का नको? फक्त तिथे आपण कसं वागायचं, हे आधी ठरवून निघा.

शाळेच्या सहलीत पाहिलेली संग्रहालयं आठवा. काचेची कपाटं, आत तलवारी-नाणी आणि बाईंचं एकच वाक्य, ‘हात लावू नका!’ जुन्या वस्तू जपायच्या तर ते बरोबरच. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला जग कळतं ते हातानेच. खास मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये निघालं. पुढे १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू झालं. ते उभारणारा फ्रँक ओपनहायमर तुम्हाला माहितीये. नोलनच्या सिनेमातल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ तोच. राजकीय संशयामुळे विद्यापीठांची दारं बंद झाल्यावर त्याने गुरं पाळली, मग शाळेत विज्ञान शिकवलं. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असं तो म्हणायचा.

आपल्याकडेही अशा जागा आहेत. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे. मुंबईतल्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये मुलांचं वेगळं संग्रहालय झालं. पुण्यात ‘आयुका’ची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे.

आता खरी गंमत. विज्ञान उद्यानांत बऱ्याचदा समोरासमोर दोन मोठ्या वाडग्यासारख्या तबकड्या असतात. एकीपाशी कुजबुजलं की लांबच्या दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येतं. माझी पाच वर्षांची भाची पलीकडून कुजबुजली, ‘मावशी, शू लागलीय.’ मी हसत सुटले. ती मात्र परत आल्यावर थेट तबकडीच्या मागे गेली. वायर शोधत होती! वायर सापडली नाही, तेव्हा तिने तोंड दुसरीकडे करून बोलून पाहिलं. मग एक पाऊल मागे जाऊन. यालाच तर प्रयोग म्हणतात.

नेमक्या अशा वेळी आपल्या जिभेला खाज सुटते. ‘अगं, तबकडीवर आदळून आवाज सरळ रेषेत समोर जातो आणि तिथे पुन्हा एका बिंदूपाशी गोळा होतो...’ उत्तर बरोबर आहे, पण ते आपण देऊन टाकलं की शोध संपतो आणि पोरगी पुढच्या खेळाकडे पळते. म्हणून उत्तराऐवजी विचारा, ‘तुला काय वाटतं?’ आणि गप्प बसा. हे फार अवघड आहे, करून बघा!

काही गोष्टी लक्षात ठेवा. सगळं संग्रहालय एका दिवसात ‘कव्हर’ करायचा हट्ट सोडा. एकाच खेळापाशी पोरगं अर्धा तास रमलं, तर पैसे वसूल झाले असं समजा. वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. शक्यतो सकाळी जा, तेव्हा मुलं ताजीतवानी असतात. पाण्याचा खेळ असेल तर जादा कपडे हवेतच. आत शिरताच शूची जागा बघून ठेवा (अनुभवाचे बोल!). एखादं यंत्र बंद असेल तर ‘का चालत नसेल?’ हाही खेळ होतो. रील मात्र एकच काढा, कारण मोबाइल धरलेला हात दुसरं काही करू शकत नाही.

तुमच्या गावात असं काही नाही? अरविंद गुप्तांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांपासून त्रिकोण, चौकोन, घरं करायला शिकवलं. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. हे सांगू नका, पोरांच्या हातात द्या. कचऱ्यातून खेळणी करायची त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ नेटवर फुकट मिळतात, मराठीतही.

तेव्हा या सुट्टीत ‘हात लावू नकोस’ हे वाक्य एक दिवस घरीच ठेवा. पोरं काय काय शोधतात, ते बघायला आपल्यालाही धमाल येते.