लाइट परत आली तर? हौशी संगणकासाठी स्वतःचं सर्किट बोर्ड
(फैजपूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं बसली आहेत आणि मागे काही केळी बागायतदारही दिसतात. म्हणून दोघांनाही उपयोगी पडेल असं उदाहरण घेतो. छोट्या संगणकाला लावायचं एक कार्ड आपण बनवू. त्यावरून आठ वस्तू चालू-बंद करता येतील: दिवा, केळी पिकवण्याच्या खोलीतला पंखा, ठिबकचा व्हॉल्व्ह. फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यात असं काही लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाइट गेली आणि परत आली, तर हे काय करेल? आजचं सगळं डिझाइन या प्रश्नाभोवती आहे.

संगणक म्हणून आरसी२०१४ हे किट घेऊ. ब्रिटनमधल्या स्पेन्सर ओवेन यांनी ते तयार केलं. कॉलेजातल्या ८०८५ ट्रेनर किटवर आपण हेक्स कोड भरतो, उत्तर बघतो आणि वही पूर्ण करतो. आत कोणती तार कुठे जाते, हे बघायची वेळ सहसा येत नाही. आरसी२०१४ मध्ये सगळं उघडं असतं. एका पाटीवर सारखी सॉकेट आणि प्रत्येक सॉकेटवर त्याच लाइन. प्रोसेसरचं कार्ड वेगळं, मेमरीचं वेगळं. मेंदू आहे झेड-८०. झायलॉगने १९७६ साली तो बाजारात आणला. ४० पिनांचा हा मूळ झेड-८० बंद करत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं, पण शिकायला आजही यासारखी चिप नाही, कारण प्रत्येक पिनेचं काम समजून घेता येतं.

आता पहिली पायरी, पत्ता. झेड-८० ला २५६ पोर्ट सहज वापरता येतात. आपलं कार्ड कोणत्या नंबरला 'ओ' देणार? त्यासाठी ७४एचसीटी१३८ ही चिप घ्या. तिच्या तीन इनपुटना ए५, ए६, ए७ या लाइन जोडल्या की २५६ पोर्टचे ३२-३२ चे आठ वाडे पडतात. सिरियल कार्ड १२८ पासून पुढे बसलेलं आहे, त्याच्या वाड्यात शिरायचं नाही. आपण दुसरा वाडा घेऊ, म्हणजे ३२ ते ६३.

इथे एक खाचखळगा आहे. पोर्टशी बोलताना झेड-८० आयओआरक्यू लाइन खाली ओढतो, हे आपण शिकलो. पण इंटरप्टला उत्तर देतानाही तो तीच लाइन ओढतो. फरक इतकाच, की तेव्हा एम१ लाइनही खाली असते. १३८ ला एक 'वर असेल तरच चालू' अशी पिन आहे. एम१ तिला जोडा, आयओआरक्यू 'खाली असेल तर चालू' पिनेला जोडा. भलत्या वेळी कार्ड जागं होणार नाही.

दुसरी पायरी, लक्षात ठेवणं. डेटा लाइनवरचा आकडा क्षणभर असतो. तो पकडून ठेवायला आठ फ्लिप-फ्लॉप लागतात. बरीच मुलं ७४एचसीटी३७४ घेतात, कारण सर्किटच्या आकृत्यांत तीच दिसते. पण तिला क्लिअर पिन नाही. लाइट परत आली की तिच्यात काय भरलेलं असेल, याचा भरवसा नाही. कदाचित व्हॉल्व्ह उघडा, पंखा बंद. म्हणून ७४एचसीटी२७३ घ्या. तिला क्लिअर आहे आणि तो खाली ओढल्यावर चालतो. झेड-८० चं रीसेटही तसंच. दोन्ही सरळ जोडा. संगणक रीसेट झाला की आठही आउटपुट शून्य. मात्र लाइट येताच रीसेट लाइन थोडा वेळ खाली धरायची सोय तुमच्या किटवर आहे का, ते आधी बघा.

क्लॉकसाठी १३८ चं आउटपुट आणि डब्ल्यूआर लाइन एका ऑर गेटमधून न्या, ७४एचसीटी३२ चालेल. लिहिणं संपताना गेट वर जातं आणि त्याच क्षणी आकडा पकडला जातो.

आता तिसरी पायरी, आणि सगळी मेहनत वाया जाते ती इथे. बाजारात मिळणारी बरीच रिले मॉड्यूल इनपुट शून्य झालं की चालू होतात! म्हणजे आपण शून्य करून सुरक्षित झालो म्हणतो आणि आठही रिले टकाटक ओढतात. उपाय म्हणजे मध्ये यूएलएन२८०३ बसवा. शून्य दिलं की तिचं आउटपुट मोकळं राहतं, रिले बंद. रिलेच्या कॉइलचा उलटा झटका सोसायला डायोडही तिच्या आतच आहेत. २३० व्होल्टची तार मात्र या बोर्डावर आणायची नाही. ती वेगळ्या डब्यात.

रेखाटन किकॅडमध्ये करा, ते फुकट आहे. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनेला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. मोकळी राहिलेली जागा ग्राउंडच्या तांब्याने भरा. फाइल पाठवण्याआधी आराखडा कागदावर मूळ मापात छापा, थर्माकोलवर ठेवा आणि खऱ्या आयसी त्यात टोचून बघा. पिनांमधलं अंतर २.५४ मिमी, छापताना 'पानात बसवा' निवडलं की माप बिघडतं. कागद दोन रुपयांचा आहे, चुकलेलं बोर्ड मात्र पैसे आणि दिवस दोन्ही खातं.

बोर्ड हातात आलं की सोल्डरिंगनंतर, आयसी बसवण्याआधी, मल्टिमीटर लावा. या किटच्या सॉकेटमध्ये १७ नंबरला ग्राउंड आणि १८ नंबरला ५ व्होल्ट अगदी शेजारी आहेत. सोल्डरचा एक थेंब दोघांना जोडतो. मग बेसिकमध्ये आउट ३२,२५५ लिहा, आठही एलईडी लागतील. त्यानंतर प्लग काढा आणि पुन्हा लावा. असं वीस वेळा करा. वीसही वेळा सगळं बंद राहिलं, तरच ते शेतावर न्या.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तोंडी परीक्षेत ते निभावूनही जातं. पण रात्री दोनला लाइट येते तेव्हा ३७४ होती की २७३, हे विकणाऱ्याला कुणी विचारत नाही. ज्याने बोर्ड आखलं, त्यालाच ते ठाऊक असतं. आता प्रश्न विचारा.