मारिओची चाल आणि नानांची चीज

दांडिया बाजारातील माझ्या वर्गात संध्याकाळी पाचच्या सुमारास शाळकरी मुले येतात. एके दिवशी मी आतल्या खोलीत तंबोरा लावीत बसलो होतो, तोच बाहेर कोणी पेटीवर बोटे टाकली आणि माझा हात खुंटीवरच थांबला. ती चाल रागदारीतली नव्हती, नाट्यपदाची नव्हती आणि सिनेमाचीही नव्हती. ती होती 'सुपर मारिओ ब्रदर्स' या जपानी व्हिडिओ गेममधली. मी बाहेर आलो तशी वाजवणारा आठवीतला मुलगा दचकून उभा राहिला.

"सर, चुकलं. पुन्हा नाही वाजवणार."

"चुकलास खरा," मी म्हटले. "शुद्ध निषादावरून लगेच कोमल निषादावर यायचे, तिथे बोट अडखळले. बस, पुन्हा वाजव."

गायनमास्तराला मारिओ ठाऊक असावा याचे त्याला नवल वाटले. वाचकांनाही वाटेल, म्हणून मागची हकीकत सांगणे आले.

आमचे वडील, ज्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत, पोरवयातच बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि नानांच्या वाट्याला शिकवण्या आल्या. मी त्यांच्या उतारवयातला. बारा-तेरा वर्षांचा असताना मामांनी मला मंगळ बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला. निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र काढले होते, त्याची ती नक्कल. पिवळ्या कार्ट्रिजवर ९९९९ खेळ असे छापलेले, आणि आत तेच पाच-सात पुन्हा पुन्हा! पण त्या पाच-सातांत मारिओ होता.

नाना रागावतील अशी आईला धास्ती होती. ते रागावले नाहीत. दोन दिवस पलीकडच्या खोलीतून ऐकत राहिले आणि तिसऱ्या दिवशी चष्मा पुसत येऊन म्हणाले, "हे तिघे गाताहेत रे. आणि चौथा ठेकेवाला आहे, तो जरा उतावळा वाटतो."

पुढे या यंत्राविषयी वाचले तेव्हा नानांचा कान किती नेमका होता ते कळले. त्या यंत्रात आवाजाचे पाच मार्ग. दोन चौकोनी लहरींचे, त्यांवर चाल आणि तिची जोड. तिसरा त्रिकोणी लहरीचा, तो खर्जाचे काम करतो, पण त्याला लहानमोठा करण्याची सोयच नाही. वाजेल तर पुरा, नाहीतर गप्प. चौथ्यातून नुसता खरखराट निघतो, त्याचाच ताल करायचा. पाचवा ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे वाजवण्यासाठी. मारिओत त्याचा उपयोग नाही. बरे, खेळातला गडी उडी मारतो तो आवाजही यांतूनच काढायचा. त्यामुळे उडी वाजली की वरच्या दोघांपैकी एकाला क्षणभर थांबावे लागते. अख्खा खेळ, चित्रे आणि संगीत धरून, ४० किलोबाइटांत बसवलेला. आजच्या फोनवरचा एखादा फोटोही याहून पुष्कळ मोठा असतो.

एवढ्याशा साजावर १९८५ साली ही चाल बांधली कोजी कोंडो या २४ वर्षांच्या तरुणाने. ठोके समेवर नेमके न टाकता अलीकडे-पलीकडे टाकून त्याने चालीला उसळी दिली. पाण्याखालच्या प्रवासाला मात्र तीन-तीन मात्रांचे झुलते वजन घेतले. वेळ संपत आली की तीच चाल द्रुत होते. नाना हे ऐकून हसले होते. "थोड्या सामानात बैठक सांभाळतो हा गडी," असे त्यांचे प्रशस्तिपत्रक मी विसरलेलो नाही.

आता जे सांगायचे ते मला सोपे नाही.

नानांनी बऱ्याच चिजा बांधल्या होत्या. वहीत शब्द असत, स्वर गळ्यात. एका शिष्याने हट्टाने घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांची जयजयवंतीतली एक चीज मुद्रित करून घेतली होती. मला मारिओची चाल शाळेतल्या मित्रांना ऐकवायची होती. हाताला लागली ती कॅसेट घातली, टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर धरला आणि वीस मिनिटे खेळत राहिलो. कॅसेट कोणती, ते मला दुसऱ्या दिवशी कळले. आजही ती लावली की वीस मिनिटे मारिओ धावतो, आणि मग अर्ध्या तानेतून नानांचा आवाज वर येतो.

नाना एवढेच म्हणाले, "जाऊ दे. गळ्यात आहे माझ्या. सावकाश घे शिकून." मी सावकाशीच केली. १९९८ साली नाना गेले. त्या चिजेची अस्ताई मला येते. अंतऱ्याचे शब्द वहीत आहेत. स्वर कोणाजवळच नाहीत.

त्या मुलाची आणि माझी पेटीवरून गट्टी जमली. गेमच्या जगातली बातमी तो मला वर्गाआधी सांगतो. ५ जून २०२५ रोजी निन्टेंडोचे 'स्विच २' हे यंत्र आले, तेव्हा तो आनंदात होता आणि चिडलेलाही. त्याच्या काही खेळांच्या कार्डात खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. मी म्हटले, म्हणजे गुरूने गंडा बांधला, पण चीज काही दिली नाही! उद्या तिकडचे दुकान बंद झाले म्हणजे? तशी दुकाने बंद झालेलीही आहेत. याच कंपनीच्या 'वी यू' आणि 'थ्री-डीएस' या दोन यंत्रांसाठीची खेळांची विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबली.

मुलगा आणखी एक सांगून गेला, ते मी नंतर पडताळून पाहिले. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज सरळ दुकानातून विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी जुने खेळ अभ्यासकांना घरबसल्या वापरू द्यावेत, ही मागणीही तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली नाकारली. उरलेले काम कोण करतो? बव्हंशी शौकीन मंडळी. जुनी यंत्रे दुरुस्त करतात, कोणत्या कार्ट्रिजची कोणती आवृत्ती याच्या याद्या ठेवतात, एकेक चाल कानाने ऐकून लिहून काढतात. यातले काही कायद्यात बसते, काही बसत नाही. त्यांची चिकाटी मात्र खरी. कंपन्याही कधी शहाणपण दाखवतात. १९९६ चा 'सुपर मारिओ आरपीजी' २०२३ साली नव्याने काढला, तेव्हा संगीत नवे ऐकायचे की मूळचे, ही निवड खेळणाऱ्यावर सोपवली.

आणि त्याच २०२३ साली अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने कोंडोची ती चाल जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. खेळातल्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. मी ती बातमी वाचली आणि कपाटातली कॅसेट आठवली. ज्या चालीने नानांची चीज पुसली, ती आता कधी पुसली जाणार नाही! चालीचा यात काय दोष? तिला सांभाळणारे भेटले, इतकेच.

आपण बडोदेकरांनी हे ऐकून जरा खाली पाहावे. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. पंडित भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून स्वरलिपीसह छापल्या. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावात माझ्यासारख्या मास्तराने बापाचा अंतरा हरवावा!

त्या मुलाला मी स्वरलिपी शिकवायला घेतली, ती मारिओवरच. वर चाल आणि खाली जोड, अशा दोन ओळी त्याने मांडल्या. "सर, राग कोणता लिहू?" त्याने विचारले. मी म्हटले, "दोन्ही निषाद आले म्हणून जयजयवंती होत नाही. राग नाही असे लिही." मग मी त्याला खरी जयजयवंती ऐकवली, नानांची अस्ताई. त्याने तीही लिहून घेतली, आणि अंतऱ्याच्या शब्दांवर चार ओळी कोऱ्या सोडल्या.

मला नानांच्या अकरा चिजा पाठ आहेत. पैकी सात आजवर वहीत उतरल्या. ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या वह्या असतील, कॅसेटी असतील, त्यांनी या रविवारी त्या खाली काढाव्यात. नानांच्या शिष्यांपैकी कोणाला जयजयवंतीचा तो अंतरा येत असेल, तर मी पाच वाजता वर्गातच असतो.