भिजलेल्या मोबाईलचा पंचनामा

जून संपता संपता सांगली-साताऱ्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत एक प्रश्न दिवसभर ऐकू येतो. “भिजल्यावर चार्जिंगला लावला होता का?”

“छे, छे! हातसुद्धा लावला नाही ओ. बंद पडला तसाच आणलाय,” गिऱ्हाईक ठामपणे सांगतं. कारागीर वाद घालत नाही. चार्जिंगच्या खोबणीत टॉर्च मारतो, भिंगातून पाहतो आणि फोन समोरच्याकडे फिरवतो. आतल्या सोनेरी पिनांपैकी एक-दोन काळ्या पडलेल्या असतात. चार्जरचे पाच व्होल्ट ज्या पिनांवर येतात, नेमक्या त्याच. नुसत्या ओलीनं त्या इतक्या लवकर काळवंडत नाहीत, ओल्या खोबणीत वीज सोडली की काळवंडतात. “रात्री एकदा लावून बघितला होता,” मग कबुली येते.

फोनचा घात एकट्या पाण्यानं होत नाही, पाणी आणि वीज एकत्र आल्यावर होतो. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यात क्षार असतात आणि त्यांच्यामुळं बोर्डावरच्या दोन शेजारच्या टोकांमध्ये रस्ता तयार होतो. धन टोकाकडचं तांबं विरघळून ऋण टोकाकडं सरकतं आणि तिथं केसाहून बारीक तंतू वाढायला लागतात. तंतू धन टोकाला भिडला की शॉर्ट. फोन बंद केला म्हणजे हे थांबलं, असंही नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत काही वाटांवर वीज असतेच. म्हणून फोन उघडल्यावर कारागिराचा हात सगळ्यात आधी बॅटरीच्या कनेक्टरकडं जातो.

पाणी कुठलं, यावर पुढचं बरंच ठरतं, आणि या दोन जिल्ह्यांत पाण्याचे प्रकार पुष्कळ. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर. तिथं जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पूर्वेला माण-खटाव, जिथं वर्षभराचा पाऊसही साधारण तेवढाच पडतो. घाटमाथ्यावरचा फोन पाण्यात पडावा लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला, तरी अंगाच्या उबेनं आतच घाम धरतो. दुष्काळी पट्ट्यातला फोन विहिरीत वाकून बघताना किंवा शेततळ्याच्या काठावरून जातो. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत वेगळीच तऱ्हा. फवारणी करताना खिशातल्या फोनवर औषधाचे तुषार बसतात. त्यात बोर्डो मिश्रण असेल, तर मोरचूद आणि चुना दोन्ही आत शिरायला टपलेले असतात. चहा आणि उसाच्या रसाचे बळी बारमाही. त्यात साखर असते, त्यामुळं पाणी उडून गेलं तरी चिकटा बोर्डावर तसाच राहतो.

पुराचं पाणी मात्र सगळ्यांत वाईट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा सुमारे ५५ फुटांपर्यंत. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ या बाजारपेठांत पाणी शिरलं ते गटारं, खतं, डिझेल आणि नदीचा गाळ सोबत घेऊनच. पूर अनुभवलेल्या सांगलीकराला एक गोष्ट सांगावी लागत नाही: पाणी उतरत असतानाच त्याच पाण्यानं घरातला गाळ लोटून द्यायचा. एकदा का तो फरशीवर वाळला, की खराट्यालाही दाद देत नाही. फोनच्या बोर्डाचंही तसंच आहे. वाळवला म्हणजे साफ झाला असं नव्हे. पाणी उडून जातं, क्षार आणि गाळ आयसीखाली, म्हणजे चिपांखाली, घट्ट बसतात आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतात. पुरात भिजलेला फोन आधी धुवावा लागतो तो यामुळंच, पण हे ऐकून गिऱ्हाईक चमकतं.

धुण्याची रीत बघण्यासारखी असते. गरम पॅडवर फोन ठेवून मागच्या काचेचा गोंद सैल करतात आणि पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवून काच उचलतात. आतल्या बाजूला, बहुतेक फोनमध्ये सिमच्या खाचेजवळही, एक इवलंसं पांढरं स्टिकर असतं. पाणी लागलं की ते लाल होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीचा निकाल बऱ्याचदा या लाल ठिपक्यावरच लागतो. इथं त्याचा उपयोग पाणी कुठवर पोचलं हे कळण्यापुरता. मग बॅटरी सुटी, डिस्प्लेची पट्टी सुटी, बोर्ड बाहेर. त्यावरची पत्र्याची झाकणं हॉट एअरनं गरम करून काढली की मायक्रोस्कोपखाली खरं चित्र दिसतं. एखाद्या कोपऱ्यात हिरवट पावडर, एका कनेक्टरवर पांढुरका थर, आणि मोहरीहून कितीतरी लहान कपॅसिटरच्या रांगेत एकच काळा पडलेला.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून मऊ ब्रशनं घासतात. याला दुकानात नुसतं ‘आयपीए’ म्हणतात. हे अल्कोहोल आयसीच्या खालच्या फटीत शिरतं, तिथलं पाणी आपल्यात ओढून घेतं आणि झटकन उडून जातं. ज्यांच्याकडं अल्ट्रासॉनिक क्लीनर आहे, ते बोर्ड त्यात सोडतात. त्या कंपनांनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि जिथं ब्रशचा केस जात नाही तिथला मळ सुटतो.

पुढची परीक्षा डीसी पॉवर सप्लायवर. बॅटरीच्या जागी त्याच्या वायरी जोडून चारेक व्होल्ट दिले, तर पॉवरचं बटण दाबायच्या आधी अँपिअरचा काटा शून्यावर हवा. बटण न दाबताच तो उडाला, तर बोर्डावर कुठंतरी शॉर्ट आहे. तो शोधायची युक्ती साधीच. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर रोझिन, म्हणजे राळ, वितळवून त्याचा धूर बोर्डावर धरायचा. सगळा बोर्ड पिठूळ पांढरा होतो. मग व्होल्टेज कमी ठेवून वीज सोडायची. शॉर्ट झालेला भाग गरम होतो, त्याच्यावरचं रोझिन वितळतं आणि पांढऱ्यात एक काळा ठिपका उमटतो. चोर सापडला. बऱ्याचदा तो कपॅसिटर असतो. एकाच लाईनवर असे अनेक कपॅसिटर समांतर जोडलेले असल्यानं एखादा उचलून टाकला तरी फोन बहुतेक वेळा सुखरूप चालू होतो. पॉवर आयसीच गेला असेल, तर काम आणि खर्च दोन्ही वाढतात.

यातलं काहीही करायच्या आधी बहुतेक फोन तांदळाच्या डब्यात एक रात्र काढून आलेले असतात. पाटणपासून शिराळ्यापर्यंत भाताचा पट्टा, त्यामुळं डब्याला तोटा नाही. पण तांदूळ बंद फोनच्या आतलं पाणी ओढून घेऊ शकत नाही. खोबणीत पीठ आणि कण्या तेवढ्या भरतात. ॲपलनं तर जानेवारी २०२४ मध्ये आयफोन तांदळात ठेवू नका, असं स्पष्टच सांगितलं. खोबण खाली करून फोन तळहातावर हलके आपटा आणि वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवा, हा त्यांचा सल्ला. महाबळेश्वरात जुलैमध्ये कोरडी जागा शोधायची कुठं, हा प्रश्न उरतोच. तिथं टांगलेले कपडेही वाळत नाहीत. अशा हवेत फोन वाळायची वाट बघण्यापेक्षा तो बंद करून, सिमचा ट्रे काढून, थेट साताऱ्याची गाडी पकडलेली बरी.

बहुतेकांना फोनपेक्षा फोटोंची काळजी असते. पूर्वी मेमरीची चिप काढून माहिती वाचता यायची. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधली माहिती कुलूपबंद ठेवणं सक्तीचं झालं आणि त्या कुलपाची किल्ली मूळ प्रोसेसरशी जखडलेली असते. आयफोनमध्येही तेच. म्हणजे लग्नाचे फोटो हवे असतील, तर तोच बोर्ड घटकाभर तरी जिवंत करावा लागतो. अशा वेळी कारागीर डिस्प्लेची, स्पीकरची फिकीर सोडतो. दुसऱ्या फोनचा डिस्प्ले तात्पुरता जोडतो, लॉक उघडून घेतो आणि केबल लावून आधी सगळं उतरवून घेतो.

“पण हा तर वॉटरप्रूफ आहे ना?” हा हुकमी प्रश्न. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ६८ ला त्याहून जास्त, किती ते कंपनी ठरवते. ही चाचणी प्रयोगशाळेत होते, नव्या फोनवर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात. मोटारसायकलवरून दोनदा पडलेला, गेल्या वर्षी डिस्प्ले बदललेला फोन त्यात मोजलेला नसतो. फोन एकदा उघडला की कडेचा मूळ गोंद गेला.

दुरुस्त झालेला फोन देताना कारागीर गिऱ्हाइकासमोरच फोन लावून बघतो, माईक, स्पीकर, दोन्ही कॅमेरे, चार्जिंग तपासतो आणि बिलावर ठळक लिहितो: पाणी गेलेला, गॅरंटी नाही. कॅमेऱ्याच्या काचेआड अजून थोडं धुकं असतं. “ते जाईल दोन-चार दिवसांत. नाही गेलं तर घेऊन या.”

“आता पावसात वापरला तर चालेल ना, दादा?”

“आधी पाणी अडवणारा गोंद तरी होता, मालक. आता आम्ही लावलेला आहे. आणि घरी जायच्या आधी बॅकअप घ्या. इथंच बसा, वायफायचा पासवर्ड देतो.”